आरशासमोर घोकून आत्मविश्वास येतो?

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकांपासून विद्यापीठ गेटपर्यंत एक सल्ला हमखास कानावर येतो. रोज सकाळी आरशासमोर उभं राहा, 'मी सर्वोत्तम आहे' असं म्हणा, आत्मविश्वास आपोआप येईल. क्लासचे सर सांगतात, रील सांगतात, हल्ली घरचेही सांगतात. पूर्वपरीक्षा दोनदा हुकलेल्या आणि गावाकडून फोन आला की दचकणाऱ्या मुलाला हे सांगणं मला क्रूर वाटतं. उपाय लागू पडला नाही, की दोष पुन्हा त्याच्याच माथी: तू मनापासून म्हटलं नसशील!

कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी हा सल्ला तपासून 2009 मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले. स्वतःबद्दल मुळातच वाईट मत असलेल्यांनी 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं घोकलं, तेव्हा त्यांना आणखी वाईट वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत चांगलं होतं, त्यांना जरासं बरं वाटलं. म्हणजे गरज ज्याला, तोटाही त्यालाच. न पटणारं वाक्य ऐकलं की मन उलटतपासणी सुरू करतं आणि अपयशाचे जुने पुरावे काढून बसतं. 2020 मध्ये हा प्रयोग पुन्हा झाला तेव्हा असं नुकसान दिसलं नाही. म्हणून ही वाक्यं प्रत्येकाला घातक आहेत, असं मी म्हणणार नाही. पण रामबाण म्हणून ती विकू नका.

विचारांनी भावना बदलतात, हे खरंच आहे. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास यावरच उपचारपद्धती उभारली आणि डॉ. कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. तिच्यात गोड वाक्यं घोकायची नसतात, कडू वाक्यं तपासायची असतात. 'मी नापास झालो' ही घटना. 'मी कुचकामी आहे' हा आपण दिलेला निकाल. पहिल्यातून दुसरं कसं निघालं, हे स्वतःला विचारायचं. एलिस तर म्हणत, माणसाने स्वतःला एकूण गुण देऊच नयेत, चांगलेसुद्धा!

आणि सगळं काही डोक्यातच असतं, हेही खोटं. पिढ्यान्‌पिढ्या 'तुम्ही कमी' असं ऐकवल्या गेलेल्या समाजाचा न्यूनगंड जायचा तर उच्च शिक्षण हवं, असं बाबासाहेबांचं मत होतं. 1950 मध्ये त्यांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. मुलांना वर्ग दिले, वसतिगृह दिलं, पुस्तकं दिली. मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी इथूनच 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवलं आणि नव्या लिहित्या हातांना हक्काची जागा मिळाली. स्वतःबद्दलचं मत बदलायला असं काहीतरी हाती यावं लागतं.

आता बाकीचे गैरसमज.

आत्मसन्मान वाढवला की गुण वाढतात? रॉय बाउमाइस्टर यांच्या गटाने 2003 मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं. तसा पुरावा मिळाला नाही. उलट, चांगल्या कामगिरीमुळेच आत्मसन्मान काहीसा वाढतो.

21 दिवसांत सवय? लंडनमधल्या 2010 च्या अभ्यासात सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला.

स्वतःला झापलं तरच सुधारणा होते? ब्राइनेस आणि चेन यांच्या 2012 च्या प्रयोगात, चुकल्यावर स्वतःशी समजुतीने वागलेल्यांनी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला.

आणि 'मी कुचकामी आहे' हा विचार आठवडेन्‌आठवडे हटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर तो आजारही असू शकतो. घाटी या इथल्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.