गव्हाचे वावडे
नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि बारामती-इंदापूरकडच्या कोरड्या माळावर ऊस डोलू लागला. उसामागून पैसा आला नि पैशामागून ताटात पोळी. पूर्वी ती सणावाराची. रोजची भाकरी ज्वारी-बाजरीची.

यात वावगे काय? बहुतेकांना काहीच नाही. पण गव्हात ग्लूटेन नावाचे प्रथिन असते, ज्वारी-बाजरीत ते नसते. काही थोड्यांच्या शरीराला उपजत कलामुळे ते शत्रू वाटते. त्या झुंजीत आतड्याच्या आतली मखमली लव झडते. मग जुनाट जुलाब, पोटफुगी, पांडुरोग, मुलांची खुंटलेली वाढ. हाच सीलियाक रोग. डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या प्रबंधात गव्हावर नेमके बोट ठेवले.

दुधाचे निराळे. त्यातली साखर पचवणारे लॅक्टेज बाळपणानंतर पुष्कळांत घटते. दूध बाधते, ताक सोसते. आजीबाईंना हे ठाऊक होतेच!

द्राक्षबागेत फवारताना मळमळून पोटात कळा आल्या, तर ते वावडे नव्हे, विषबाधा असू शकते. थेट दवाखाना गाठावा.

आणि हो, रक्ततपासणीआधीच गहू सोडलात, तर रोग असूनही तपासणीत तो दिसेनासा होतो, बरे का!