घरासोबत आलेले भाडेकरू

घर घेताना आपण सातबारा बघतो, भिंतीची ओल बघतो, शेजारी कसे आहेत ते चहाच्या टपरीवर हळूच काढून घेतो. मागच्या हौदात कोण राहतं, हे मात्र कुठल्याच कागदावर नसतं. माझ्या मावसभावानं दापोलीजवळ जुनं कौलारू घर घेतलं. परसात पोफळी, रहाट मोडलेली विहीर आणि चिऱ्यांनी बांधलेलं एक टाकं. टाक्यावर शेवाळाचा जाड हिरवा थर. “बुजवून टाकू या हे, डासांचं घर आहे,” वहिनींनी निकाल दिला. गड्यानं बांबूनं शेवाळ बाजूला सारलं, तर खालून दहा-बारा काळ्या पाठी सळसळत गेल्या. टाकं वाचलं. आणि त्याच संध्याकाळी घरात नवा प्रश्न उभा राहिला : यांना खायला काय घालायचं?

उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक दिवशी, काहीही नाही! जुन्या, शेवाळलेल्या पाण्यात माशांचं स्वयंपाकघर चोवीस तास चालू असतं. शेवाळ, पाणकिडे, डासांच्या अळ्या, पाण्यात पडलेल्या मुंग्या. तुम्ही यायच्या आधी वर्षानुवर्षं ते जेवतच होते. (डासांचं म्हणाल, तर मासे असलेल्या टाक्यापेक्षा कुंडीखालची ताटली आणि गच्चीवरचा जुना टायर जास्त संशयास्पद.) पण एवढ्यावर थांबलो तर मजा कसली? हे भाडेकरू भलतेच रंगेल आहेत.

आले कुठून?

सगळ्यात सोपा तर्क : कुणीतरी सोडले. विहिरीत, टाक्यात मासे सोडायची पद्धत आपल्याकडे जुनीच. शिवाय हिवताप विभागाची माणसं गप्पी मासे वाटतात. गप्पी पेरूच्या बीपेक्षा फार मोठा नसतो तेव्हापासूनच अळ्यांवर तुटून पडतो. त्याची मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, आणि नराशी एकदा गाठ पडली की त्या शिदोरीवर पुढचे कित्येक महिने बाळंतपणं उरकते. म्हणून ‘एकच सोडला होता हो’ असं म्हणणाऱ्याच्या हौदात शंभर गप्पी सापडले, तर तो खोटं बोलत असेलच असं नाही.

दुसरी वाट पावसाची. मृगाच्या पहिल्या सरींना ओढे-वहाळ भरले की नदीतले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहानं शेतांकडे निघतात. कोकणात हे चढणीचे मासे, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे. परसातून पावसाळी वहाळ जात असेल, तर मळ्ये-शिंगट्यांपैकी कुणी वाट चुकून तुमच्याकडे मुक्कामाला आलेलं असू शकतं. मरळ तर त्याहून पुढची. तिला पाण्याबाहेर श्वास घेता येतो, किंबहुना अधूनमधून वर येऊन हवा घ्यावीच लागते. ओल्या गवतातून थोडं अंतर सरपटत दुसऱ्या डबक्यात जाणं तिला जमतं.

तिसरी वाट ऐकून हसू येईल. हंगेरीतल्या संशोधकांनी बदकांना कार्प माशांची हजारो अंडी खाऊ घातली आणि मग विष्ठा तपासली. २०२० साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की जेमतेम ०.२ टक्के अंडी शाबूत बाहेर पडली, पण त्यांतल्या काहींतून चक्क पिल्लंही निघाली. ०.२ टक्के म्हणजे नगण्य? कार्पची एक मादी एका वेळी लाखांच्या घरात अंडी घालते आणि बदकं खादाड असतात. हिशेब तुम्हीच करा.

रोहू-कटला दिसले तर मात्र फार डोकं खाजवायला नको. ते माणसानंच सोडलेले. हे मासे पावसाळ्यात वाहत्या नदीत अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात त्यांचा पाळणा हलत नाही. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातींना तळ्यात अंडी घालायला लावली, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रं फोफावली. १० जुलै हा आपला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन आहे तो त्यामुळेच.

तोंड बघून मजला ओळखा

पाणी गढूळ असलं तरी खाणं टाकल्यावर तोंडं दिसतात, आणि ओळख पटायला तेवढं पुरे. खालचा जबडा पुढे, तोंड आभाळाकडे वळलेलं, डोकं अवाढव्य : कटला. हा वरच्या मजल्यावर, पाण्याच्या पृष्ठभागालगत खातो. ओठ जाडसर, किंचित झालरदार : रोहू, मधला मजला. तोंड खाली वळलेलं : मृगळ, तळमजल्यावरचा गाळ उपसणारा. तिघांचं एकमेकांच्या ताटात फारसं लक्ष नसतं, म्हणूनच शेततळ्यात तिघांना एकत्र सोडतात. मिश्या असलेला, अंगानं पिवळसर, सतत चिखल ढवळणारा तो सायप्रिनस. त्याच्यामुळे पाणी कायम चहासारखं दिसतं.

तिलापिया, म्हणजे उजनीकाठची चिलापी, सापडली तर तिच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघा. मोझांबिक जातीची मादी अंडी तोंडात उबवते. तेवढे दिवस तिचा जवळपास कडकडीत उपास. पिल्लं बाहेर आली तरी धोका वाटला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. १९५२ मध्ये ही परदेशी पाहुणी भारतात आणली गेली आणि मग तिनं नद्या-धरणांत जो पसारा मांडला, तो आवरणं कुणालाच जमलेलं नाही.

मोठ्या काळ्या मिशाळ माशापाशी मात्र थबका. आफ्रिकी मागूर, बाजारातलं नाव थाई मागूर. त्याच्या संवर्धनावर २००० सालापासून बंदी आहे. समोर येईल ते खातो, बाकीच्या भाडेकरूंसकट. ओळख पटत नसेल तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या तालुक्याच्या माणसाला फोटो दाखवा. आणि मासे शोधताना देशी कासव निघालं, तर ते ‘शुभ’ म्हणून ठेवून घेऊ नका. वन्यजीव कायद्यानं ते संरक्षित आहे, वनखात्याला कळवा.

पोटच नाही, तर पोटभर कसं?

रोहू, कटला, सायप्रिनस, सोनमासा, कोई. या सगळ्या कार्प कुळाला जठर नसतं. घशातून अन्न थेट आतड्यात. जबड्यात दातही नाहीत, दात आहेत ते घशात! मासा घास आत ओढतो आणि घशातले दात कवटीच्या तळाशी असलेल्या टणक गादीवर घासून त्याचं पीठ करतो.

एकदा चिमूटभर कोंडा टाकून, टाक्याच्या कठड्यावर पालथं पडून बघाच. सायप्रिनसचं तोंड नळीसारखं पुढे येतं. कोंडा, काडी, वाळूचा कण, जे असेल ते सुर्रकन आत. क्षणभर काहीच होत नाही, फक्त कल्ल्यांची झाकणं हलतात. मग काडी पू करून बाहेर, वाळू कल्ल्यांतून खाली, कोंडा मात्र गायब. त्याच्या टाळूवर चव ओळखणारी एक मांसल गादी असते, ती आत आलेल्या मालाची निवड करते. आपण भातातला खडा दाताखाली आल्यावर ओरडतो, हा बोलतसुद्धा नाही. शिंगट्या-मागुरांची तर कातडीभर चवीची केंद्रं पसरलेली असतात. त्यांना शेपटीजवळ टेकलेल्या घासाचीही चव कळते.

साठवायला जठर नाही, त्यामुळे एकदम पोतंभर घालणं फुकट. थोडं, आणि पाच मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं तळाशी कुजतं. त्यातून अमोनिया तयार होतो, शिवाय मासे स्वतः कल्ल्यांतून अमोनिया सोडत असतातच. मासा उपाशी मेल्याचं क्वचित ऐकाल, पाहुण्यांच्या प्रेमानं मेल्याचं वारंवार. गणपतीला आठवडाभर गावी जायचं असेल तर खुशाल जा, मोठ्या माशांना काही होत नाही. शेजाऱ्याला मात्र ‘रोज थोडं घाला हं’ असं सांगून जाऊ नका. त्याचं थोडं केवढं असतं, हे परत आल्यावर वासावरून कळतं.

खाऊ काय? भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड निम्मी निम्मी, ओलसर करून. मत्स्यशेतकऱ्यांचा हा जुना, स्वस्त आणि खात्रीचा मेनू. पाव नको, फरसाण तर नकोच. आणि राशिभविष्यवाल्यांनी सांगितलेल्या कणकेच्या गोळ्या? पाच-सहा सुपारीएवढ्या ठीक. पण घरातल्या प्रत्येकाच्या साडेसातीचा उतारा एकाच टाक्यात पडू लागला, तर शनी शांत होईल न होईल, पाणी नक्की बिघडेल. निर्माल्य आणि भांड्यांचं साबणपाणी याच यादीत घाला. साबण कल्ल्यांना झोंबतो.

माशांना खाऊ घालण्याचा आपला षोक नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांना काय खाऊ घालावं, गळ कसा टाकावा, सगळं त्यात आहे. महाराज खाऊ घालत होते ते पुढे पकडण्यासाठी, एवढं लक्षात घ्या.

पहाटेचं ‘आ’

नव्या घरमालकाची हमखास फसगत होते ती इथे. सकाळी सहाला दार उघडावं, तर सगळे मासे वर, तोंडं उघडी, चुळबुळ चुळबुळ. ‘अगं बाई, भूक लागली!’ म्हणून कोंड्याची मूठ पडते. खरं तर त्यांचा श्वास कोंडलेला असतो. दिवसा शेवाळ ऊन पिऊन प्राणवायू सोडतं, रात्री मात्र माशांबरोबर तेही तो वापरतं. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू तळाला जातो तो नेमका उजाडायच्या वेळी. हिरवंगार पाणी, उन्हाळ्याचा उकाडा किंवा श्रावणातले सलग ढगाळ दिवस, हे जुळून आलं की संपलंच. कोमट पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. अशा वेळी खाऊ बंद, शेवाळ थोडं उपसा आणि बादलीनं पाणी उंचावरून सोडत राहा. नळाचं पाणी भरायचं असेल तर दिवसभर उघड्या पिंपात ठेवून मग, म्हणजे क्लोरीन उडून जातं.

भुकेचं ‘आ’ आणि घुसमटीचं ‘आ’ वेगळं ओळखता येतं. भुकेला मासा तुमच्या सावलीकडे येतो. घुसमटलेला तुम्ही आलात तरी हलत नाही.

शिट्टी मारून बघा

‘माशाची आठवण तीन सेकंदांची’ हे वाक्य ज्यानं पसरवलं, त्यानं मासे पाळले नसणार. नोबेल विजेते कार्ल फॉन फ्रिश, मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे तेच, यांनी १९२३ मध्ये एका आंधळ्या मिशाळ माशावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊ देताना शिट्टी वाजवायची, बस्स. काही दिवसांत मासा नुसती शिट्टी ऐकून बिळातून बाहेर येऊ लागला. मासे बहिरे असतात असा समज तेव्हा पक्का होता, तो असा शिट्टीवर मोडला. कार्प आणि मिशाळ कुळात हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत इवल्या हाडांची साखळी असते. पिशवी थरथरली की आवाज कानात. तेव्हा वेळ एक, जागा एक आणि डब्यावर दोन टकटक, एवढं पाळा. पंधरवड्यात टकटक करताच जमाव जमेल.

चटकमटक

सोनमासा आणि त्याचा युरोपीय भाऊबंद क्रूशियन कार्प गोठलेल्या तळ्याखाली प्राणवायूशिवाय महिनोन्महिने काढतात. कसे? शरीरातल्या लॅक्टिक ॲसिडचं मद्यार्कात रूपांतर करून. ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हा उलगडा केला, आणि माशाच्या रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर मद्यार्क असू शकतो असं सांगितलं. आपल्याकडे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पोलीस गाडीची किल्ली काढून घेतात.

इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला ‘टिश’ नावाचा सोनमासा १९९९ पर्यंत जगला. ४३ वर्षं! मुलांच्या हट्टाखातर घ्याल आणि जावयाला दाखवाल.

जपानच्या निगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून एकोणिसाव्या शतकात रंगीत कोई निपजवले. २०१८ मध्ये हिरोशिमाला एक लाल-पांढरा कोई सुमारे १८ लाख डॉलरना विकला गेला. तुमच्या टाक्यातला लाल ठिपकेवाला तेवढा जाणार नाही, स्वप्नं नकोत.

मासे कळले की गिऱ्हाइकंही कळतात. तारेवर खंड्या, काठावर वंचक, आणि कधीतरी पाण्यात दिवड. दिवड चिडकी असते, चावतेही, पण बिनविषारी. काठी उगारू नका. दोन-चार मासे ती नेणारच.

देवाच्या पंक्तीला

खाऊ घालायची हौस टाक्यात भागत नसेल तर महाडजवळ वाळणकोंडला जा. काळ नदीच्या या डोहात वरदायिनी देवीचे मासे आहेत. कुणी पकडत नाही, लोक लाह्या-चुरमुरे टाकतात आणि पाण्यात एकच झुंबड उडते. वाडा तालुक्यात तिळसे इथं वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या देवळापाशीही असेच राखलेले मासे आहेत. वाहतं पाणी असल्यानं तिथं थोडं जास्त पडलं तरी खपतं. प्लास्टिकची पिशवी मात्र खपत नाही, ती खिशात परत आणा.

राहता राहिला एक प्रश्न : मासे फार झाले तर? जवळच्या नदीत सोडून पुण्य मिळवायची कल्पना बहुतेकांना सुचते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिलच्या तळ्यात लोकांनी असेच सोनमासे सोडले. २०२१ मध्ये तिथं फुटबॉलएवढे सोनमासे निघाले आणि नगरपालिकेला ‘कृपया सोडू नका’ अशी जाहीर विनवणी करावी लागली. तेव्हा जास्तीचे गप्पी हिवताप विभागाला विचारून बंदिस्त हौदांसाठी द्या, सोनमासे हौशी शेजाऱ्याला द्या, तिलापिया तव्यावर घ्या. नदी-ओढ्यात मात्र एकही सोडू नका.