विहिरीची जागा कोण ठरवितो?

वडिलांच्या स्मरणार्थ एखाद्या खेड्यांत विहीर बांधून द्यावी, अशी इच्छा आपल्या घरांतून अजूनहि ऐकूं येते. विहिरी, तळीं, धर्मशाळा यांस आपल्या शास्त्रांत पूर्तकर्म म्हटलें आहे. हल्लीं ही रक्कम बहुधा एखाद्या सेवाभावी संस्थेच्या हातीं दिली जाते. देतांना शिलेवरील मजकूर आपण दहा वेळां तपासतों. विहीर कोठें खणणार, हें मात्र क्वचितच विचारतों.

पहिली परीक्षा अर्थात् जमिनीची. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा अध्यायच लिहिला असून झाडें व वारुळें यांवरून पाणी ओळखण्याच्या खुणा त्यांत दिल्या आहेत. पाणाड्याहि अजून खेडोपाडीं बोलावला जातो. परंतु महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हारसाच्या थरांनीं बनलेला आहे. अखंड काळ्या पाषाणांत पाणी मुरत नाहीं. तें मुरमांत, भेगांत व सच्छिद्र थरांत सांठतें. म्हणून जाणती संस्था भूगर्भशास्त्रज्ञाकडून पाहणी करविते आणि शेजारच्या विहिरींची पातळी भर वैशाखांत मोजते. श्रावणांत काय, सर्वच विहिरी भरलेल्या दिसतात!

एवढ्यानें काम संपत नाहीं. खडकाच्या दृष्टीनें योग्य अशा दोन-तीन जागा निघाल्या, कीं खरा प्रश्न उभा राहतो. संस्थेचे लोक गांवांत येतात तेव्हां त्यांचें चहापाणी बहुधा मोठ्या घरीं होतें. तेथेंच यजमान म्हणतात, "माझ्या शेतांत खणा, जागा फुकट देतों." फुकटची जागा कोणाला नको? पुढें चार वर्षांनीं त्याच विहिरीवर यजमानांचा पंप बसतो, आणि हंडा घेऊन येणारी बाई परक्याच्या बांधावर उभी असते. यासाठीं सावध संस्था गांवठाणाची जागा घेतात, किंवा ग्रामपंचायतीच्या नांवें नोंदलेलें बक्षीसपत्र झाल्याखेरीज कुदळ लावीत नाहींत.

जातीचा प्रश्न याहून अवघड. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ सालीं झाला. महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केलें. परंतु प्रत्यक्ष पाणी घेण्यास २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतर पंचगव्यानें तळ्याची शुद्धि करणारे कोण होते, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. त्या इतिहासाची आठवण ठेवूनच जागा निवडली पाहिजे. विहीर वरच्या आळींत काढली, तर ती कागदावर सर्वांची असली तरी खालच्या वस्तींतील मुलगी बिचकतच येते. कोणी दोन वस्त्यांसाठीं दोन विहिरी सुचवितात. त्यानें भांडण मिटतें, भेद मात्र पक्का होतो. माझ्या मतें ज्या वस्तीजवळ पाणी नाहीं तिच्या बाजूसच विहीर असावी. इतरांना गरज पडली, कीं तेहि तेथें येतील.

आणि हें सारें ठरवावयाचें कोणी? देवळांत रात्रीं भरणाऱ्या सभेंत पाणी वाहणाऱ्या बायका नसतात. कांहीं कार्यकर्ते म्हणून पहांटेच पाणवठ्यावर जाऊन त्यांच्याशीं बोलतात. उन्हाळ्यांत कोणता झरा आधीं आटतो, कोणत्या वाटेवर हंडा सांभाळणें कठीण, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार?

तेव्हां धनादेश लिहिण्यापूर्वीं संस्थेकडे तीन कागद मागावे: पाहणीचा अहवाल, जागेचा उतारा, आणि जागा ठरली त्या सभेची हजेरी. तिसऱ्या कागदावर स्त्रियांच्या सह्या व अंगठे किती, आणि ते कोणत्या वस्तींतले, हें चष्मा लावून पाहावें.