विश्लेषण : हॉलिवूडचा ‘किम’ पुढे शिल्पकार कसा झाला?

रुडयार्ड किपलिंग यांच्या कादंबरीतला, लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेला किम १९५०च्या हॉलिवूडपटात साकारला तो डीन स्टॉकवेल या मुलाने. पुढच्या पिढीला तो ‘क्वांटम लीप’ मालिकेतला सिगार ओढणारा अ‍ॅल म्हणून आठवतो. उतारवयात मात्र हेच स्टॉकवेल न्यू मेक्सिकोतल्या टाओस गावात कागदी कोलाज आणि जुगाराच्या फाशांची शिल्पे करत होते.

बालपण कसे गेले?

वडील हॅरी स्टॉकवेल गायक-अभिनेते. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’मधल्या राजपुत्राचा आवाज त्यांचाच. डीन सातव्या वर्षी ब्रॉडवेच्या रंगमंचावर उभा राहिला आणि पाठोपाठ एमजीएम स्टुडिओच्या करारात अडकला. ‘अँकर्स अवे’त (१९४५) फ्रँक सिनात्रा आणि जीन केली सोबतीला होते. ‘जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट’साठी गोल्डन ग्लोबचा खास बालकलाकार पुरस्कारही मिळाला.

कॅलिफोर्नियात १९३९ पासून ‘कूगन कायदा’ होता. बालकलाकाराच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा आदेश न्यायालयाला त्यानुसार देता येई. पैशांची सोय झाली. पण त्या पोराला काम करायचे आहे का, हे कोणी विचारायचे?

सोळाव्या वर्षी शाळा संपताच डीनने स्वतःच उत्तर दिले. केस कापले, रॉबर्ट स्टॉकवेल हे नाव घेतले (जन्मनाव रॉबर्ट डीन) आणि मिळेल ते काम करत तो भटकला. काही वर्षांनी परतला आणि ‘कम्पल्शन’साठी (१९५९) कान महोत्सवात सहकलाकारांसह अभिनयाचा पुरस्कार घेऊन गेला.

कलेकडे कसे वळले?

साठच्या दशकात लॉस एंजेलिसजवळच्या टोपांगा कॅनियनमध्ये त्यांना वॉलेस बर्मन यांची संगत मिळाली. बर्मन छायाचित्रे, कात्रणे, सापडलेल्या वस्तू जोडून कलाकृती करत. ‘सेमिना’ हे सुट्या पानांचे अनियतकालिक स्वतः छापून मित्रांना टपालाने पाठवत. आपल्याकडच्या साठच्या दशकातल्या अनियतकालिकवाल्यांचे चुलतभाऊच म्हणा! ‘द बॉय विथ ग्रीन हेअर’मध्ये (१९४८) डीनसोबत असलेला रस टॅम्ब्लिनही याच कंपूत आला आणि कोलाज करू लागला. १९७७ मध्ये नील यंगच्या ‘अमेरिकन स्टार्स अँड बार्स’ अल्बमचे मुखपृष्ठ स्टॉकवेल यांनी केले.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भूमिका आटल्या, तेव्हा त्यांनी न्यू मेक्सिकोत घर-जमिनीच्या दलालीचा परवानाही काढला. मग ‘पॅरिस, टेक्सास’ आणि ‘ब्लू व्हेल्वेट’ने त्यांना पुन्हा पडद्यावर आणले. ‘मॅरिड टू द मॉब’साठी (१९८८) ऑस्करचे नामांकनही मिळाले.

फाशांचे शिल्प म्हणजे काय?

इथे छिन्नी-हातोडा नाही की ब्राँझचे ओतकाम नाही. बाजारात मिळणारे फासे जोडून आकार उभा करायचा. चित्रपटात संवाद एकाचे, प्रकाशयोजना दुसऱ्याची, कात्री तिसऱ्याची. टेबलावरच्या फाशांना मात्र दिग्दर्शक नसतो.

स्टॉकवेल यांचे ७ नोव्हेंबर २०२१ रोजी वयाच्या ८५व्या वर्षी निधन झाले. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ते अखेरपर्यंत डीन स्टॉकवेलच राहिले. कलाकृती मांडताना मात्र त्यांनी सोळाव्या वर्षी लपण्यासाठी घेतलेले ‘रॉबर्ट’ पुन्हा नावापुढे लावले.