फोटो मोठाच का उतरतो?

ह्यूगो या साइट-जनरेटरवर बांधलेल्या एका साइटची कल्पना करा. प्रत्येक फोटोच्या चार आवृत्त्या तयार होतात: ४८०, ८००, १६०० आणि २४०० पिक्सेल रुंदीच्या. टेम्प्लेटमधलं सोर्ससेट, म्हणजे या आवृत्त्यांची ब्राउझरला दिलेली यादी, ठीक दिसतं. तरीही मजकुराच्या ७०० पिक्सेलच्या रकान्यासाठी लॅपटॉपवर २४००चीच फाइल उतरते. अशा वेळी हात थेट टेम्प्लेटकडे जातो. तो आवरावा आणि तपास ब्राउझरपासून सुरू करावा.

डेव्हलपर टूल्समध्ये फोटोचा करंट-सोर्स हा गुणधर्म पाहिला की नेमकी कोणती फाइल वापरली ते कळतं. मात्र आधी कॅशे बंद करून पान पुन्हा उघडा. मोठी फाइल एकदा कॅशेत आली की खिडकी कितीही अरुंद केली तरी क्रोम तीच दाखवत राहतो, आणि आपण उगाच टेम्प्लेटवर संशय घेतो.

आता मूळ कारण. एचटीएमएल वाचता वाचताच ब्राउझर फोटो मागवायला लागतो. सीएसएस लागू होऊन पानाची मांडणी अजून ठरायची असते, त्यामुळे फोटो किती रुंद बसणार हे त्याला ठाऊक नसतं. ते सांगायचं काम साइझेस या ॲट्रिब्यूटचं. ते लिहिलंच नसेल, तर फोटो खिडकीभर पसरणार असं ब्राउझर धरून चालतो. खिडकी १४४० पिक्सेलची, पडद्याची घनता दुप्पट, म्हणजे गरज २८८०ची. मग सर्वांत मोठी फाइल येणारच. साइझेसमध्ये ‘लहान पडद्यावर पूर्ण रुंदी, एरवी ७०० पिक्सेल’ असं लिहिलं की गरज १४००वर येते आणि १६००ची फाइल निवडली जाते. अटी मात्र क्रमाने तपासल्या जातात आणि पहिली खरी ठरलेली अट चालते, म्हणून सैल अट आधी लिहिली तर पुढच्या वाया जातात. शिवाय इथे टक्के चालत नाहीत, त्यांऐवजी व्ह्यूपोर्टचं, म्हणजे खिडकीच्या रुंदीचं, एकक लागतं. बहुतेक घोटाळे इथेच मिटतात.

नाही मिटले, तर तयार झालेलं एचटीएमएल उघडा. त्यात ‘झेडगोटीएमपीएलझेड’ असा विचित्र शब्द दिसला, तर गो भाषेच्या टेम्प्लेट यंत्रणेने तुमचा मजकूर असुरक्षित ठरवून अडवलाय. सोर्ससेटचं नाव आणि किंमत मिळून एकच स्ट्रिंग बनवून टॅगमध्ये घुसवली की हे हमखास होतं. ‘सेफ-एचटीएमएल-ॲट्र’ लावून सुटका होते, पण नाव टेम्प्लेटमध्ये थेट लिहून फक्त किंमत आत भरणं जास्त चांगलं.

सोर्ससेट मुळात उमटलंच नसेल, तर फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते बघा. ‘स्टॅटिक’मधल्या फाइली ह्यूगो जशाच्या तशा पुढे ढकलतो, आकार बदलायला फोटो ‘ॲसेट्स’मध्ये किंवा त्या पानाच्या बंडलमध्ये हवा. फोटो सापडला नाही आणि कोड टेम्प्लेटमधल्या ‘विथ’ या अटीच्या आत असेल, तर तो भाग गुपचूप गाळला जातो, चूक कुठेच छापली जात नाही.

शेवटी मूळ फोटोची रुंदीही तपासा. १००० पिक्सेलच्या फोटोची १६००ची आवृत्ती मागितली तर ह्यूगो तो ताणून देतो: फाइल जड होते, तपशील मात्र तेवढाच राहतो. म्हणून मूळ रुंदीपेक्षा मोठे आकार लूपमध्येच वगळावेत.