मासे पोहतात म्हणून पाणी सुरक्षित नव्हे

कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसाला पाणी आणि वीज यांचं नातं नव्यानं सांगायला नको. पण पाटणला थंडी पडू लागली की हे दोघे घरातल्या माशांच्या काचपेटीत एकत्र येतात, आणि तिथं आपण गाफील राहतो. गोल्डफिशला गार पाणी चालतं. एंजल, मॉली यांना मात्र २४ ते २७ अंशांचं पाणी लागतं. मग माळ्यावरचा जुना हीटर खाली उतरतो.

हा हीटर म्हणजे काचेची नळी. आत तापणारी तार आणि दोन धातूंची एक पट्टी. पाणी तापलं की पट्टी वाकून वीज तोडते, गार झालं की पुन्हा जोडते. वर्षानुवर्षं ठिणग्या पडून तिची टोकं काळी पडतात आणि एखाद्या दिवशी चिकटून बसतात. मग हीटर बंदच होत नाही आणि मासे अक्षरशः उकडतात. म्हणून जुना हीटर आधी प्लॅस्टिकच्या बादलीत, वेगळा थर्मामीटर ठेवून, दिवसभर चालवून पाहावा. ठरलेल्या अंशावर दिवा विझत नसेल, तर तो बाद.

माणसाचा धोका वेगळा आहे. नळीच्या तोंडाचं रबर जुनं झालं की कडक होतं, त्याला भेगा पडतात आणि पाणी आत शिरतं. नळीत आतून दव दिसलं, तर समजावं. अशा वेळी पाण्यात करंट उतरलेला असतो, तरी मासे मजेत पोहत असतात. कारण काचेच्या पेटीतून विजेला जमिनीकडे जायला वाट नसते. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून आपण हात घातला, की ती वाट आपणच होतो. फ्यूज अशा वेळी उडत नाही. तो मोठ्या प्रवाहासाठी असतो. ३० मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी घरात हवाच. पण तोही बहुधा हात घातल्यावरच तुटेल!

बादलीत पाणी तापवायचा रॉड काढण्याआधी बटण बंद करायची सवय आपल्याला असते. तीच सवय इथं हवी, आणि नुसतं बटण नव्हे, तर प्लगच काढायचा. वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता खाली ठिबकतो. बऱ्याच जुन्या हीटरचं टोपण पाण्याबाहेरच राहायला हवं असतं; नवे पूर्ण बुडतात, हे बुडत नाहीत.

लाईट गेलेली असताना पेटीतलं पाणी बदलायला घेतलं, तरी आधी प्लग काढावा. मध्येच लाईट आली तर उघडी पडलेली नळी लवकरच खूप तापते आणि वर गार पाणी पडताच तडकते. प्लग काढल्यावरही पंधरा-वीस मिनिटं थांबूनच पाणी उपसावं.

आणि बाद हीटर टाकताना त्याची वायर कापून टाकावी, म्हणजे पुढच्या थंडीत तो घरातल्याच कुणाच्या तरी हाती लागून पुन्हा पेटीत जाणार नाही.