ट्रान्झिस्टरचा जमाखर्च

ट्रान्झिस्टर विद्युतप्रवाह ‘वाढवतो’, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे पुष्कळांचा समज असा होतो, की थोडासा प्रवाह आत सोडला की हा इवलासा तुकडा त्याच्या शंभरपट प्रवाह निर्माण करून देतो. तसे असते तर रेडिओला सेल कशाला लागले असते?

१८४५ साली गुस्ताव किरचॉफ या जर्मन विद्यार्थ्याने एक साधा नियम मांडला. तारांच्या कोणत्याही सांध्यात जेवढा प्रवाह येतो, तेवढाच बाहेर जातो. विद्युतभार नव्याने निर्माण होत नाही, नाहीसा होत नाही आणि सांध्यात साचतही नाही. पुढे १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर बनवला. या नियमातून त्याचीही सुटका नाही.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: बेस, कलेक्टर आणि एमिटर. नेहमीच्या एनपीएन ट्रान्झिस्टरमध्ये बेसमधून ०.०१ मिलिअँपिअर आत गेला आणि गुणक १०० असला, तर कलेक्टरमधून १ मिलिअँपिअर आत येतो. एमिटरमधून बाहेर पडतो १.०१ मिलिअँपिअर. जमा आणि खर्च यांत दमडीचाही फरक नाही! तो १ मिलिअँपिअर येतो सेलमधून. कालव्याचे दार उचलायला जोर थोडाच लागतो, पाणी मात्र धरणाचे असते. बेसचे काम या दाराचे.

हा हिशेब दुरुस्तीच्या टेबलावर फार उपयोगी पडतो. समजा, कलेक्टरला ४.७ किलोओहमचा आणि एमिटरला १ किलोओहमचा रोध जोडला आहे. वरील प्रवाहाला मीटर पहिल्यावर ४.७ व्होल्ट आणि दुसऱ्यावर सुमारे १ व्होल्ट दाखवील. व्होल्टला रोधाने भागले की प्रवाह मिळतो आणि दोन्हींची उत्तरे जवळजवळ सारखी येतात.

पण कलेक्टरच्या रोधावर शून्य आणि एमिटरच्या रोधावर थोडे व्होल्ट दिसले तर? एमिटरमधून प्रवाह बाहेर पडतो आहे, म्हणजे तो कोठून तरी आत आलाच पाहिजे. कलेक्टरकडून येत नाही, तेव्हा तो सगळा बेसमधूनच येतो आहे. याचा अर्थ, कलेक्टरकडची वाट कुठेतरी तुटली आहे. सोल्डर सुटले असेल, सेलकडून येणारी तार तुटली असेल किंवा ट्रान्झिस्टरच आतून निकामी झाला असेल. एकही भाग न उपसता बिघाडाची जागा हाती लागते. अंदाजाने एकामागून एक भाग बदलत बसण्यापेक्षा दोन रोधांवर मीटर लावून बेरीज-वजाबाकी केलेली स्वस्त पडते.